मैंदर्गीत पुरलेल्या दोन चड्ड्या

एकतीस वर्षं मी माती तपासली, पण मातीला तिच्या घरी भेटायला कधी गेलो नव्हतो. आमच्या प्रयोगशाळेत ती प्लास्टिकच्या पिशवीतून यायची, गळ्यात चिठ्ठी बांधून. मी तिचा सामू, म्हणजे आम्लता, बघायचो, सेंद्रिय कर्ब मोजायचो, कागदावर शिक्का मारायचो आणि पुढची पिशवी सोडायचो. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, यांनी अख्ख्या महाराष्ट्राची माती पाहिली आहे. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो, कारण देवरुखच्या पलीकडची माती मी पिशवीबाहेर कधी पाहिलेलीच नव्हती.

ती पाहायचा योग मल्लिनाथमुळे आला. मल्लिनाथ हा अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीचा चाळिशीचा शेतकरी. मोबाइलवरच्या एका शेतीच्या ग्रुपवर आमची ओळख झाली. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या वाट्याच्या दोन एकरांत नांगर घालणं बंद केलं. पीक काढलं की धसकटं तशीच ठेवायची, पाला रानातच पसरायचा आणि त्यातूनच पुढचं बी पेरायचं. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"सर, आज गांडूळ दिसलं!"

"किती?"

"एक."

"अभिनंदन," मी म्हणायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, कोणाकडे बारसं आहे म्हणून.

बांधाच्या पलीकडचे दोन एकर मल्लिनाथचे वडील, म्हणजे अप्पा, कसत होते. ते उन्हाळ्यात खोल नांगरट करणार, पावसाळाभर रान मोकळं ठेवून कुळवाच्या पाळ्यावर पाळ्या घालणार आणि मग ज्वारी पेरणार. त्यांच्या वडिलांनीही हेच केलेलं. बांधापलीकडचं लेकाचं कचऱ्यानं भरलेलं रान पाहून म्हाताऱ्याला अन्न गोड लागत नव्हतं. गाव म्हणायचं, अप्पाचं पोरगं आळशी निघालं. पहिल्या दोन वर्षांत मल्लिनाथची ज्वारी बापापेक्षा थोडी कमीच आली. तेव्हा अप्पांनी फर्मान काढलं: यंदा ज्वारी पेरायच्या आधी तुझं रान सुधारलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मी स्वतः त्यात ट्रॅक्टर घालणार.

मल्लिनाथ अगदी रडवेला झाला होता. तीन वर्षं जमिनीत साठवलेलं एका सकाळीत उधळलं जाणार होतं. प्रयोगशाळेचा कागद अप्पा मानत नव्हते. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत कर्ब इतका हळू वाढतो, की आमच्या कागदावर त्याची मान जेमतेम वर आलेली दिसते. मग मी त्याला परदेशातल्या शेतकऱ्यांची एक युक्ती सांगितली. शुद्ध सुती, पांढऱ्या, कोऱ्या दोन चड्ड्या घ्यायच्या. एक नांगरलेल्या रानात, एक न नांगरलेल्या रानात, वीतभर खोल पुरायची. दोन महिन्यांनी उकरायच्या. जिवंत मातीतले जीवजंतू सूत खातात, त्यामुळे जिथली चड्डी जास्त खाल्लेली, तिथली माती जास्त जिवंत.

अप्पांनाही हे पटलं. डोळ्यांना दिसतं ते खरं, असं त्यांचं म्हणणं. श्रावणाच्या तोंडावर चड्ड्या पुरल्या गेल्या आणि उकरायला पंच म्हणून मला बोलावणं आलं.

"लोक म्हातारपणी काशीला जातात," बॅग भरताना बायको म्हणाली, "तुम्ही चड्ड्या उकरायला चाललात."

गुरुवार, कडक भाकरी

देवरुखहून सोलापूरला कसा पोचलो ते सांगत नाही. कमरेला ते अजून आठवतंय, तेवढं पुरे. मल्लिनाथ मला घ्यायला सोलापूरला आला होता. उंच, काळासावळा, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, तुमची माती आणली न्हवं?"

मी आणली होती. पाहुण्याकडे जाताना आमसुलं, फणसपोळी न्यावी तशी मूठभर तांबडी माती पुडीत बांधून नेली होती. त्यानं ती तिथंच, रिक्षांच्या गर्दीत, तळहातावर घेऊन चोळली, हुंगली आणि म्हणाला, "लई हलकी हाय की!" मला उगाचच राग आला. आपल्या मुलीला कुणी बारीक म्हणावं तसं वाटलं.

मैंदर्गीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या कुशीत मावेल तेवढं. इथं नजर जाते, जात राहते आणि शेवटी कंटाळून परत येते. मधे एखादी बाभूळ, एखादा लिंब, बाकी काळी जमीन आणि आभाळ. पहिल्यांदा मला जरा भीतीच वाटली.

दारात मल्लिनाथची आई उभी होती. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. बुटक्या, कपाळाला विभूती, हातात पाण्याचा तांब्या. "बर्री, बर्री," म्हणाल्या, म्हणजे या, या. या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात. आपसात कानडी, पाहुण्याशी मराठी आणि भांडणात दोन्ही. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे चूल अव्वांच्याच हाती होती.

अप्पा ओट्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे, पांढरं धोतर, पांढरं मुंडासं, गळ्यात लिंग, मांडीशी काठी. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"तुमीच काय ते चड्डीवालं सायेब?"

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाची अशी ओळख व्हावी! पण नाही म्हणायलाही सोय नव्हती.

जेवायला भरली वांगी, शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. आमच्याकडची तांदळाची भाकरी मऊ, हातात घेतली तर मान टाकणारी. ही भाकरी ताटात टाकली तर वाजते. ती मोडून कालवणात भिजवून खायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही, कारण हे न कळणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. मी पहिलाच घास समोरच्या दातांनी तोडला. भाकरी तुटली नाही. माझ्या कवळीचे पुढचे दोन दात तुटले.

अव्वा इतक्या घाबरल्या की त्यांनी भाकरीलाच बोल लावले. मग माझ्यासाठी गव्हाची हुग्गी शिजली. गूळ, खोबरं, वर तुपाची धार. ही खीर खाताना दात लागत नाहीत. पुढचे दोन दिवस मी तिच्यावरच काढले, आणि एकदाही तक्रार केली नाही.

दातांमुळे एक भलताच घोटाळा मात्र झाला. स काढायला गेलो की फटीतून शीळ निघायची. 'सेंद्रिय कर्ब' म्हणताना तर चांगली लांबलचक. पहिल्यांदा म्हणालो आणि अप्पांचा कुत्रा गोठ्यातून धावत येऊन माझ्या पायाशी शेपूट हलवत बसला.

शुक्रवार, बांधाच्या दोन्ही बाजू

सकाळी रानात गेलो. चार दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता. रानात वाफसा आला होता, म्हणजे ओल अशी बेतशीर, की औतही चालावं आणि पेरणीही व्हावी. पाणंदीत, म्हणजे रानाकडच्या वाटेवर, मात्र अजून चिखल होता. कोकणात चिखल पायाला लागतो आणि धुतला की जातो. ही काळी माती पाहुण्याला सोडत नाही. दर पावलाला चपलेखाली एक थर चढायचा. शंभर पावलांत मी मल्लिनाथच्या उंचीचा झालो, आणखी वीस पावलांत त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहू लागलो आणि मग डावी चप्पल तिथंच ठेवून पुढे गेलो.

बांधावर उभं राहिलं की दोन्ही रानं दिसत. अप्पांचं रान म्हणजे दृष्ट लागावी इतकं नेटकं. एक काडी नाही, एक तण नाही. मला तर तिथं पाय ठेवायला संकोच वाटला. मल्लिनाथचं रान म्हणजे मुगाची धसकटं, वाळला पाला, गेल्या वर्षीचे ज्वारीचे बुडखे. लग्न उरकल्यावर दुसऱ्या दिवशी मांडव दिसतो तसं. शास्त्र सगळं याच्या बाजूचं होतं, पण पाहताक्षणी मन अप्पांकडे धावलं, हे कबूल केलं पाहिजे.

"आता सांगा सायेब," अप्पा बांधावर उकिडवे बसले, "ह्या उकिरड्यात हाय काय?"

मी घसा साफ केला आणि शिट्या वाजवत समजावलं. झाडं हवेतला कर्ब खातात. पानांतून, मुळांतून तो मातीला देतात. माती झाकलेली असली, तिची उलथापालथ केली नाही, की तो तिथंच मुरतो. नांगर घातला की माती उघडी पडते आणि साठवलेलं पुन्हा हवेत जातं. हवेत तो फार झाला म्हणूनच जगभर ऊन वाढलंय, पाऊस लहरी झालाय.

"म्हंजे आभाळातला धूर माज्या रानात ठिवायचा? माजं रान काय गोदाम हाय?"

"तसंच समजा. पण तो ठेवला की माती भुसभुशीत होते, पाणी धरते. ऊनही आटोक्यात राहील."

"सोलापुरात ऊन वाढायला आनि जागा शिल्लक हाय व्हय?" अप्पा म्हणाले. मग शीळ ऐकून आलेल्या कुत्र्याला त्यांनी दटावलं, "तुला न्हाय बोलवलं रे."

बोलता बोलता मल्लिनाथनं विचारलं, की कोकणात तुम्ही धसकटांचं काय करता. मी सांगून बसलो, की आम्ही भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा पसरतो आणि जमीन भाजतो. राब म्हणतात त्याला.

"जाळता?" मल्लिनाथचा चेहरा उतरला. "सर, तुमी सोता?"

"मी नाही, माझे भाऊ."

अप्पा मात्र खूश झाले. त्यांनी मला पहिल्यांदाच जवळ बसवून घेतलं. पण पानाला चुना लावता लावता म्हणाले, "सायेब, उद्या इरण्णाचा ट्रॅक्टर सांगितलाय, धाच्या ठोक्याला. पोराची चड्डी जास्त खाल्ली असंल तर ट्रॅक्टर बांध वलांडनार न्हाय. न्हाय तर वलांडनार. शब्द म्हंजे शब्द."

मल्लिनाथ आपल्या रानात गेला, वाकला, एका ठिकाणचा पाला सारखा केला आणि उगाच तिथंच उभा राहिला. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली. आणि आपण फोनवरून लोकांना भलत्या युक्त्या सांगतो, याची थोडी धास्तीही.

शनिवार, उत्खनन

सकाळी आठला निम्मं गाव बांधावर. कोणी चहाची किटली आणलेली, कोणी बसायला पोतं. दोन ठिकाणी खुणेच्या काठ्या रोवलेल्या होत्या. ट्रॅक्टरवाला इरण्णाही दोन तास आधीच येऊन ठेपला होता. "चड्डी बगायची हाय की," म्हणाला.

आधी अप्पांचं रान. मल्लिनाथनं काठीपाशी कुदळ मारली, तर आत काहीच नाही. हातभर बाजूला खणलं तेव्हा एक नाडी वर आली. नाडीला मातकट चिंध्या लोंबत होत्या. बाकी सगळं मातीनं खाल्लेलं.

अप्पांनी नाडी काठीच्या टोकावर घेतली आणि गावाला दाखवली. "माजं रान जेवलं बगा! पोटभर जेवलं!"

मल्लिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तुझं याहून जास्त जेवलं असेल. आता त्याच्या रानात कुदळ पडली. तिथंही काठीपासून हातभर बाजूला काहीतरी लागलं. त्यानं हातानं माती सारली, ओढलं, आणि सकाळच्या उन्हात एक निळीभोर, चकचकीत, अखंड चड्डी बाहेर आली. बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या. मांडीवर सात आकडा. झटकली तर लगेच घालता आली असती.

बांधावर हशाचा असा लोंढा आला, की लिंबावरचे साळुंक्यांचे थवे उडाले.

"थांबा!" मी ओरडलो. "आपण पांढऱ्या पुरल्या होत्या. ही पांढरी नाही!"

"ही तर माजी व्हॉलीबॉलची चड्डी हाय," मल्लिनाथ अविश्वासानं म्हणाला. "कॉलेजातली."

"ही नायलॉनची आहे! प्लास्टिकच म्हणा ना! ही नातवाच्या लग्नापर्यंत पुरली तरी कुजणार नाही. हा सेंद्रिय पदार्थच नव्हे!"

कुत्रा आला.

अप्पा शांतपणे म्हणाले, "नाचता येईना, अंगन वाकडं. नापास झालं की म्हनायचं, पेपरच दुसरा हुता. चड्डी ती चड्डी. इरण्णा, चालू कर."

इरण्णानं ट्रॅक्टर चालू केला. मल्लिनाथ हातात ती निळी चड्डी धरून आपल्या रानाच्या तोंडाशी उभा राहिला. हसणारे लोक हळूहळू गप्प झाले, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. माणसाची तीन वर्षं मी एका चड्डीवर लावली होती आणि तीसुद्धा कुणीतरी बदलली होती.

तेवढ्यात पाणंदीतून अव्वा आल्या. डोक्यावर न्याहारीची बुट्टी. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, गर्दी पाहिली, लेकाच्या हातातली चड्डी पाहिली आणि बुट्टी खाली ठेवली.

"त्या म्या बदलल्या," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणून इरण्णानं तो बंद केला.

"मी बदलल्या म्हनलं. पुरल्या त्येच्या आठ दिसांनी. मला काय ठावं, कापडाचं बी वेगळं असतंय?"

"पन का, अव्वा?" मल्लिनाथनं विचारलं.

अव्वा माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या होत्या. "तुमी शिकली-सवरलेली मानसं. आमच्यात मानूस गेलं की जाळत न्हाईत, मातीत ठिवत्यात. कोरं पांढरं कापड मातीत कवा जातंय, ठावं हाय न्हवं? आनि तुमी सांगता, येक बापाच्या रानात पुर, येक लेकाच्या रानात पुर. मी जित्ती असताना?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एकतीस वर्षं चिठ्ठ्या बांधलेल्या पिशव्या हाताळल्या की माणसाला असं काही सुचेनासं होतं. मी हात जोडले. खरोखर जोडले.

अव्वांचा हिशेब साधा होता. पुरायचीच आहे ना चड्डी, तर वापरलेली, रंगाची पुरावी. ज्याची त्याच्या रानात. पेटीतून अप्पांची जुनी पट्ट्यापट्ट्यांची सुती काढली, ती अप्पांच्या रानात. लेकाची निळी काढली, ती लेकाच्या रानात. पांढऱ्या कापडाच्या खड्ड्यात परत काही घालायचं नाही, म्हणून प्रत्येक खड्डा हातभर बाजूला, नवा.

"मग पांढऱ्या कुटं गेल्या?" अप्पांनी दरडावून विचारलं.

अव्वांची नजर हळूच अप्पांच्या धोतराकडे गेली. गाव त्या नजरेच्या मागोमाग गेलं. अप्पांचा हात आपोआप कमरेशी गेला.

"नागपंचमीला नवी म्हनून दिलीस... ती?"

"कोरं कापड वाया कशाला घालू? गरम पान्यात धुतली की."

"आनि मला दिलीस ती?" मल्लिनाथचाही हात कमरेशी.

"ती बी."

एकतीस वर्षांत माझ्यापुढे नमुने पुष्कळ आले, पण बाप-लेकांच्या अंगावर चढून आलेले हे पहिलेच. इरण्णा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. किटलीवाल्याच्या हातून चहा सांडला. शेवटी अप्पांनाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्यांनी काठी आपटली.

"आता बास. परीक्षा झाली न्हाय हे मान्य. मग काय, आनि दोन म्हैने थांबू? वाफसा दोन दिसात उडंल. जवारी काय तुमच्या चड्डीसाठी थांबती व्हय? रान सुदारलं म्हनून कुनी डोळ्यानं बगितलंय? न्हाय. मग नांगर."

बोलणं अगदीच चूक नव्हतं. इरण्णानं पुन्हा किल्लीला हात घातला.

"मी बगितलंय," अव्वा म्हणाल्या.

"काय?"

"खड्डं कुनी खंदलं? म्याच की. दोनी रानात, येकाच दिसी, येकाच खुरप्यानं. पाऊस पडून आठ दिस ऊन पडल्यालं." त्या अप्पांच्या रानाकडे हात करून म्हणाल्या, "हितं वर भाकरीवानी पापुद्रा. तो फोडला तर खाली दगूड. खुरप्याची मूठ निघून आली. हाताला फोड आला, तुमी इचारलं बी हुतं, भाजलं का म्हनून. आनि पोराच्या रानात पाला सारला, तर हात मनगटापत्तूर गेला. खुरपं लागलंच न्हाय. खाली गार हुतं. वास येत हुता, पाऊस यायच्या आदी येतोय तसा. मी तवाच वळखलं."

"मग दोन म्हैने बोलली का न्हाईस?" अप्पांचा आवाज खाली आला होता.

"मला कुनी इचारलं?" अव्वा म्हणाल्या. "बापानं लेकाला इचारलं, लेकानं देवरुकाला फोन लावला. घरात मी हुते की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. ती माझ्यासाठीच केली असावी, असं मला त्या दिवशी वाटलं. प्रयोगशाळा, परदेशची युक्ती, सुती कापड, पंच म्हणून इतक्या लांबून आलेला मी, आणि परीक्षा आठव्या दिवशीच होऊन गेली होती.

अप्पा उठले. काठी टेकत बांध ओलांडून लेकाच्या रानात गेले. मल्लिनाथ म्हणाला, तीन वर्षांत ते पहिल्यांदाच तिकडे उतरले. खाली बसले. पाला सारला. हात मातीवर ठेवला आणि दाबला. हात गेला. मनगटापर्यंत नाही, पण गेला. त्यांनी मूठभर माती वर काढली, फोडली, हुंगली. बराच वेळ हुंगली. मग ती जिथली तिथं ठेवून वर पाला ओढला आणि धोतराला हात पुसत परत आले.

"इरण्णा," ते म्हणाले, "बांध वलांडू नगं. माजंच तेवडं नांगर."

मल्लिनाथ खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन हसला की रडला, मला कळलं नाही. मीही डोळे पुसले. धूळ नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू.

अव्वांनी बुट्टी उघडली. धपाटे, दही, शेंगाचटणी आणि माझ्यासाठी हुग्गी. गाव पांगलं. आम्ही लिंबाखाली खायला बसलो. ट्रॅक्टर अप्पांच्या रानाच्या पलीकडच्या टोकाला लागला होता आणि नांगराचं एकेक तास घालत आमच्याकडे सरकत होता. अप्पांचं खाण्यात लक्ष नव्हतं. ते एकदा बांधाकडे बघत, एकदा ट्रॅक्टरकडे. एकदम उठले, इरण्णाला हातानं थांबायची खूण केली आणि पाठमोरेच राहून अव्वांना कानडीत काहीतरी विचारलं.

"एष्ट बिडली?"

"काय म्हणाले?" मी मल्लिनाथला विचारलं.

मल्लिनाथचा घास हातातच राहिला होता. "'किती सोडू' म्हनून इचारत्यात," तो हळूच म्हणाला. "न नांगरता किती सोडू. तिला इचारत्यात."

अव्वांनी आधी हातातला धपाटा संपवला. बोटं पुसली. पाणी प्यायल्या. पदर नीट केला. मला वाटतं, मुद्दामच वेळ लावला. मग बसल्या जागेवरून हात लांब केला आणि रानाच्या अगदी मधोमध उभ्या असलेल्या बाभळीकडे बोट दाखवलं. म्हणजे अप्पांचं निम्मं रान.

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी बाभळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग आधाराला माझ्याकडे पाहिलं. मी हुग्गीत डोकं घातलं.

"इचारायलाच नगं हुतं," ते पुटपुटले. पण काठी उचलून चालू लागले. बाभळीपाशी पोचल्यावर त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि इरण्णाला ओरडून सांगितलं, "हितनं माघारी फिरव रं."